फोन चांगला, ॲप बंद

(आमच्या गटाने समाज रेडिओवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या बारा जणी. शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकतो, उन्हाळ्यात शेवया-कुरडयाही करतो. रेडिओवर बोलायला आलो की बाया आम्हाला चटणीचं प्रमाण विचारतात. आज ते सांगणार नाही. आज आम्ही एका भांडणाबद्दल बोलणार आहोत. भांडण आमचंच, आपसातलं. ते झालं एका फोनवरून. आणि मिटलं तेव्हा कळलं, की ज्या बाईला आम्ही बोल लावला तिची काहीच चूक नव्हती.

अडीच वर्षांपूर्वी आम्ही कर्ज काढून बॅटरीवर चालणारा तीनचाकी टेम्पो घेतला. त्याआधी भाकरीची खोकी एसटीने जायची. अर्धी मोडून पोचायची. टेम्पो आला आणि माल थेट सोलापूरच्या दुकानात जायला लागला. चालवते आमच्यातलीच एक सून. तिने त्यासाठी लायसन्स काढलं. गाव ते सोलापूर चौतीस किलोमीटर. जाऊन येऊन अडुसष्ट. रात्रभर चार्ज झाला की गाडी एवढं अंतर निवांत करते. अर्धीच चार्ज झाली तर येताना रस्त्यात उभी राहायची, म्हणून मग तिला बाहेर काढतच नाही.

गाडी घेतली तेव्हा विक्रेत्याच्या माणसाने आमच्या गटाच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यात बॅटरी किती भरली ते दिसायचं, गाडी कुठे आहे ते नकाशावर दिसायचं. गाडी चोरीला गेलीच तर फोनवरूनच बंद करायची सोय होती. आणि आमच्या सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे, रात्री लाइट गेली आणि चार्जिंग थांबलं की फोन वाजायचा. आमच्याकडे रात्रीची लाइट कधी जाईल याचा नेम नाही हे तुम्हाला सांगायला नको. फोन वाजला की मावशी उठायच्या, लाइट आली की पुन्हा चार्जिंग लागलंय का ते बघायच्या.

या मावशी म्हणजे आमच्या खजिनदार. शिक्षण चौथीपर्यंत. गटाचा फोन कुणी सांभाळायचा यावर सुरुवातीला बरीच बोलाबोली झाली होती. कुणी म्हणालं, शिकलेलीकडे द्या. पण मावशींचा हिशेब कधी चुकलेला नाही, म्हणून फोन त्यांच्याकडे गेला. हा फोन २०१९ साली गटाच्या पैशातून घेतलेला. मावशींनी त्याला जपलं. कापडी पिशवी शिवली. काचेला अजून ओरखडा नाही.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी ॲप उघडलं तर त्यावर पाटी आली, की आधी अपडेट करा. मावशींनी बटण दाबलं. तर दुसरी पाटी आली, की हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही. त्या दिवसापासून ॲप उघडेना. मावशींनी फोन बंद करून पुन्हा चालू केला, पुसला, रात्रभर चार्जिंगला लावला. कुणाला सांगितलं नाही. वाटलं, होईल सुरू.

तिसऱ्या रात्री लाइट गेली. फोन वाजला नाही. लाइट परत आली, पण चार्जिंग पुन्हा लागलं नाही. पहाटे सून गाडी काढायला गेली तर बॅटरी अर्धी. त्या दिवशी एका खानावळीची मोठी ऑर्डर होती. बॅटरी भरेपर्यंत थांबलो, दुपारी पोचलो. तोवर त्यांनी दुसरीकडून माल घेतला होता. तीन हजार चारशे रुपयांची ऑर्डर गेली.

संध्याकाळी बैठक बसली. एकजण म्हणाली, "मावशी, तुमच्या हातून काहीतरी दाबलं गेलं असणार." दुसरी म्हणाली, "नातू फोनवर गेम खेळत असेल." तिसरी म्हणाली, "तरी मी म्हणत होते, शिकलेलीकडे द्या." मावशी काही बोलल्या नाहीत. पिशवीतून फोन काढला, चटईवर ठेवला आणि उठून गेल्या. पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत.

मैत्रिणींनो, हे सांगताना आम्हाला आजही वाईट वाटतं. पण सांगतो, कारण तुमच्या गटातही असं होऊ शकतं.

मग आम्ही तीन गोष्टी केल्या. त्यातल्या दोन चुकीच्या होत्या.

पहिली चूक. तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोराने सांगितलं, "काकू, दोनशे रुपये द्या. जुनं ॲप बाहेरून टाकून देतो." आम्ही फोन त्याच्या हातात देणार, तेवढ्यात आमच्यातल्या एकीची कॉलेजला जाणारी मुलगी म्हणाली, "अगं आई, याच फोनवर गटाच्या बँकेचे मेसेज येतात ना? ओटीपी येतो ना?" आम्ही हात मागे घेतला. प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेल्या ॲपमध्ये काय लपलेलं असेल ते आपल्याला दिसत नाही. ते मेसेज वाचू शकतं, ओटीपी दुसऱ्याला पाठवू शकतं. दोनशे रुपयांत आम्ही गटाचं खातंच उघडं केलं असतं.

दुसरी चूक जरा वेगळी आहे. सुनेच्या नवऱ्याकडे नवा फोन आहे. तो चांगला माणूस आहे, बायकोला गाडी शिकवली ती त्यानेच. तो म्हणाला, "टाका माझ्या फोनमध्ये, त्यात काय एवढं?" आम्हाला पटलं. गटाच्या नंबरचा ओटीपी दिला आणि ॲप त्याच्या फोनवर सुरू झालं.

आठवड्यात काय झालं ते ऐका. तो कारखान्यावर रात्रपाळीला असतो. लाइट गेली की फोन वाजायचा वीस किलोमीटर लांब, त्याच्या खिशात. आम्ही इकडे झोपलेल्या. म्हणजे मूळ काम झालंच नाही. उलट दुपारी त्याचा बायकोला फोन यायचा, "गाडी पाऊण तास एकाच जागी का उभी आहे?" एकदा ती माल देऊन माहेरच्या वाटेने आली. ती घरी पोचायच्या आधी सासूला ते माहीत होतं. त्याच्या मनात वाईट नव्हतं. नकाशा समोर दिसतो म्हणून माणूस बघतो. पण गाडी बारा बायकांची, हप्ता बारा बायका भरतात, आणि गाडी कुठे आहे हे दिसायचं एका पुरुषाला. गाडी बंद करायचं बटणही त्याच्याच हातात.

तेव्हा आम्ही बैठकीत एक साधी मोजणी केली. बारा घरं. ज्यावर ते ॲप चालेल असा फोन किती घरांत आहे? दहा घरांत. आणि त्यातला बाईच्या स्वतःच्या हातात किती? तीन. सगळ्या गप्प झालो. आपल्याकडे नवा फोन आधी मुलाला किंवा नवऱ्याला येतो. तो जुना झाला, काच फुटली, बॅटरी उतरायला लागली की बाईकडे येतो. म्हणजे एखादी कंपनी म्हणते की आता जुने फोन चालणार नाहीत, तेव्हा तिच्या लेखी ती फोनांबद्दल बोलत असते. पण आपल्या घरात त्याचा अर्थ होतो, की आता बायकांचे फोन चालणार नाहीत.

आता तिसरी गोष्ट, जी आम्ही आधीच करायला हवी होती. आम्ही विचारलं. मुलीने आम्हाला समजावून सांगितलं. जे समजलं ते तुम्हाला सांगतो.

फोनच्या आत एक मुख्य प्रणाली असते. आपल्यातल्या बहुतेकींच्या फोनमध्ये ती अँड्रॉइड नावाची असते. गूगल कंपनी तिची दर वर्षी साधारण एक नवी आवृत्ती काढते. अँड्रॉइड ९ आली २०१८ साली, अँड्रॉइड १० आली २०१९ साली. पण नवी आवृत्ती आली म्हणजे ती आपल्या फोनमध्ये आपोआप येते असं नाही. ती फोन बनवणाऱ्या कंपनीने पाठवावी लागते. स्वस्त फोनांना ती एखाद-दोन वर्षं मिळते, काहींना एकदाही मिळत नाही. आमचा फोन अँड्रॉइड ९ वर विकत घेतला आणि तिथेच राहिला. गाडीच्या ॲपने आपली पायरी १० वर नेली, आणि आमचा फोन खाली राहिला. मावशींनी काही दाबलं नव्हतं. फोन बिघडलाही नव्हता.

मग ॲपवाले पायरी वर का नेतात? त्यांची बाजूही ऐकू. प्रत्येक आवृत्तीवर ॲप चालतं का ते तपासायला माणसं आणि पैसा लागतो. जुन्या आवृत्तीतली भोकं बुजवणारे सुरक्षेचे अपडेट बंद झालेले असतात. ज्या ॲपने गाडी बंद करता येते, ते असल्या फोनवर ठेवणं धोक्याचं, हेही खरं. हे फक्त गाडीच्या ॲपचं नाही. व्हॉट्सॲपने २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडले. मोटारीच्या पडद्याला फोन जोडणारं अँड्रॉइड ऑटो २०१५ साली आलं तेव्हा अँड्रॉइड ५ वर चालायचं. आज ते सहा-सातवरही चालत नाही.

आणि हे फक्त गरिबांच्या देशात होतं असंही समजू नका. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी आपलं थ्रीजी नेटवर्क बंद केलं. त्या नेटवर्कवर चालणारी यंत्रं बसवलेल्या कितीतरी मोटारी होत्या. फोनवरून गाडी उघडणं, अपघात झाला की आपोआप मदत बोलावणं, अशा सोयी त्यातल्या अनेक मोटारींत बंद पडल्या. गाड्या धडधाकट होत्या. चाकं फिरत होती. बंद पडला तो गाडीचा बाहेरच्या जगाशी असलेला धागा.

दुखणं इथे आहे. घरच्या मोटारीची नोंदणी आपल्याकडे १५ वर्षांची असते. फोनचे अपडेट दोन-चार वर्षांत थांबतात. पंधरा वर्षांच्या बैलाला दोन वर्षं टिकणारी वेसण बांधावी तसं हे आहे. वेसण तुटली की नवी आणा म्हणतात, पण ती तुटणार आहे हे बैल विकताना कुणी सांगत नाही.

हे सांगायला लावता येतं बरं का. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला, की एखादा फोन विकणं थांबवल्यानंतरही त्याला किमान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून नेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंना सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळणार, ते कंपनीला जाहीर करावं लागतं. काही कंपन्या आता महागड्या फोनांना सात वर्षं अपडेट द्यायचं वचन देतात. स्वस्त फोनला ते वचन नाही. आणि आपण घेतो तो स्वस्त.

आता आम्ही पुढे काय केलं ते सांगतो.

सगळ्यात आधी सुनेच्या नवऱ्याच्या फोनमधून ॲप काढलं. त्याने कुरकुर न करता काढू दिलं, हेही सांगायला हवं. मग अठरा दिवस आम्ही पाळी लावली. रात्री अकराला एक आणि पहाटे चारला एक, अशा दोघी उठून गाडीच्या समोरच्या पडद्यावर बॅटरी बघायच्या. त्या अठरा दिवसांत गाडी एकदाही अडली नाही. ॲप नसलं तरी गाडी चालते, हा धीर आला.

मग विक्रेत्याकडे गेलो. तो म्हणाला, "ताई, फोन बदला. आमच्या हातात काही नाही." आम्ही म्हणालो, हेच लिहून द्या. त्याने लिहून दिलं नाही. तेव्हा आम्हीच अर्ज लिहून दिला, त्याच्या प्रतीवर पोच घेतली. त्यात तीन प्रश्न विचारले. ॲप कोणत्या आवृत्तीपासून चालतं? ही पायरी पुन्हा वर नेणार असाल तर किती दिवस आधी सांगणार? चार्जिंग थांबल्याचा साधा मेसेज जुन्या फोनवर पाठवायची सोय आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं. बाकी दोन्हींचं अजून आलेलं नाही. आम्ही पाठपुरावा करतोय.

तुम्हालाही असं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी केलेल्या धंद्याला त्यात सूट आहे, म्हणून कुणी "तुम्ही ग्राहकच नाही" म्हणालं तर लगेच मागे फिरू नका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी नाही.

शेवटी फोन घेतला. नऊ हजार सहाशे रुपयांचा. आमची बचत बारा जणींची महिन्याला दोनशे, म्हणजे चोवीसशे. चार महिन्यांची बचत एका फोनमध्ये गेली. आम्हाला ते सोसवलं. ज्या गटाला सोसवणार नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न आम्ही विक्रेत्यालाही विचारला आणि रेडिओवरही विचारतोय.

आता वहीत लिहून घ्या.

एक. आपल्या फोनची आवृत्ती बघून ठेवा. सेटिंग्जमध्ये जायचं, अगदी खाली 'फोनविषयी' असं लिहिलेलं असतं. तिथे अँड्रॉइडचा आकडा आणि सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. तारीख दोन वर्षं जुनी असेल तर त्या फोनवर बँकेचं काम करू नका.

दोन. ॲपवर चालणारी कुठलीही वस्तू घेताना, गाडी असो की पाण्याच्या मोटारीचं यंत्र, आधी विचारा: ॲप कोणत्या फोनवर चालेल, किती वर्षं चालेल आणि ॲप बंद पडलं तर वस्तू कशी चालवायची? उत्तर बिलावर लिहून मागा.

तीन. गाडीची खरी किल्ली आणि जादा किल्ली जपा. ज्या गाडीला फोन हीच किल्ली आहे, ती घेताना दहादा विचार करा.

चार. ॲप फक्त प्ले स्टोअरमधून घ्या. फसवणूक झालीच तर त्याच वेळी १९३० ला फोन करा. जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

पाच. गाडी किंवा फोन विकताना ॲपमधून आपलं नाव काढा. जुनी गाडी विकत घेताना आधीच्या मालकाचं नाव निघालंय ना, ते बघा. नाहीतर गाडी तुमची आणि नकाशा त्याच्या फोनवर.

सहा. ॲप गटाच्या नंबरवर आणि गटाच्या फोनवरच ठेवा. कुणाच्या घरातल्या माणसाच्या फोनवर नको. माणूस चांगला असला तरी नको.

आणि सातवी गोष्ट फोनबद्दलची नाही. काही बंद पडलं की आधी विचारा, का बंद पडलं. कुणामुळे, ते नंतर.

आम्ही सगळ्या जणी मावशींच्या घरी गेलो. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. अध्यक्षा म्हणाल्या, "मावशी, आमचं चुकलं." मावशी म्हणाल्या, "चुकलं ते ठीक. वहीत लिहा." म्हणून पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात आम्ही लिहिलं, की फोन खजिनदारांच्या चुकीने बंद पडला नव्हता, आणि गटाने विचार न करता त्यांना दोष दिला. बारा सह्या केल्या. नवा फोन ठरावाने पुन्हा मावशींकडेच दिला. त्यांनी त्याच दिवशी त्याचा आकडा आणि तारीख वहीत लिहून ठेवली.

जुना फोन अजून आहे, त्याच पिशवीत. बँकेचं काही त्यात ठेवलेलं नाही, कोरा करून घेतलाय. भाकरी थापताना मावशी त्याला हेडफोनची वायर लावतात आणि आपला हा रेडिओ ऐकतात. त्याला अपडेट लागत नाही. आत्ताही ऐकत असतील.

मावशी, रात्री लाइट गेली तर आज पाळी आमची आहे. तुम्ही झोपा.

नमस्कार.